मौनाचे प्रामाण्य : गिटमधील फाइल-निरीक्षणाच्या चाचण्यांची समीक्षा

१

आवृत्ती-नियंत्रण प्रणालीला दिवसातून अनेक वेळा एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : मागील नोंदीनंतर कोणत्या फाइली बदलल्या? प्रश्न साधा दिसतो. परंतु पुढचे सारे व्यवहार त्याच्या उत्तरावर उभे असतात. बदललेली फाइल न बदललेली ठरली, तर ती कमिटमधून गळते. दुसऱ्या शाखेकडे जाताना तिच्यावर जुना मजकूर लिहिला जाण्याचीही शक्यता उत्पन्न होते. काम करणाऱ्याच्या दृष्टीने ही हानी विशेष दारुण असते, कारण 'काहीही बदललेले नाही' असे आश्वासन प्रणालीनेच त्याला दिलेले असते. या आश्वासनाची परीक्षा कशी घेतली जाते आणि ती पुरेशी आहे काय, हा प्रस्तुत समीक्षेचा विषय आहे. उदाहरणादाखल गिट या प्रणालीचा चाचणीसंच घेतला आहे. कारण तो सर्वांस वाचावयास खुला आहे आणि त्यातील टिपांतून लिहिणाऱ्यांची विचारसरणीही पाहावयास मिळते.

लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेल्या गिटमध्ये वरील प्रश्नाचे उत्तर मूलतः प्रत्यक्ष पाहणीने दिले जाते. इंडेक्स नावाच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदणीकृत फाइलचा आकार, बदलाची वेळ, इनोड क्रमांक इत्यादी तपशील ठेवलेले असतात. 'स्टेटस'ची आज्ञा मिळताच गिट एकेका फाइलविषयी फाइल-प्रणालीकडे विचारणा करते आणि आलेले तपशील नोंदवहीशी ताडून पाहते. तपशील जुळले तर फाइल बदललेली नाही असे मानले जाते. तिचा आशय वाचण्याची आवश्यकता राहत नाही.

या पाहणीतही एक छिद्र होते. ज्या क्षणी इंडेक्स लिहिला गेला त्याच क्षणी फाइलमध्ये पुन्हा बदल झाला आणि तिचा आकार मात्र तेवढाच राहिला, तर नोंदवही व फाइल यांचे तपशील तंतोतंत जुळतात आणि बदल दृष्टीआड होतो. वेळेची नोंद सेकंदाच्या मापाने ठेवणाऱ्या फाइल-प्रणालींत असे घडणे मुळीच अशक्य नव्हते. गिटने यावर योजलेला नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : फाइलची वेळ इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा तिच्या नंतरची असेल, तर तपशिलांवर विसंबू नये, आशयच ताडून पाहावा. संशय आला की स्वतः पाहावे, हीच या प्रणालीची मूळ वृत्ती होती. फाइल-निरीक्षणाच्या योजनेने या वृत्तीलाच मुरड घातली.

२

रिपॉझिटरीत लक्षावधी फाइली साठू लागल्या, तेव्हा प्रत्येक वेळी सर्व फाइलींची पाहणी करणे जड जाऊ लागले. दोन फाइली बदलल्या हे कळण्यासाठी उरलेल्या लाखोंची दारे ठोठावणे हा उघड अपव्यय होता. जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिटच्या २.१६ या आवृत्तीत यावर तोड निघाली. संगणकात सतत जागा असलेला निरीक्षक — उदाहरणार्थ फेसबुकने तयार केलेला 'वॉचमन' — फाइलींतील घडामोडींची टिपणे ठेवतो; गिट एका हुकमार्फत त्याला 'अमुक वेळेपासून काय बदलले?' असे विचारते. आणि तो ज्यांची नावे सांगेल तेवढ्याच फाइली तपासते. उरलेल्या फाइलींवर इंडेक्समध्ये 'वैध' अशी खूण असते व त्यांच्याकडे पाहिलेही जात नाही.

हुकविषयीच्या अधिकृत विवरणात या व्यवहाराचा करार दिलेला आहे. निरीक्षकाने बदलाची शक्यता असलेली प्रत्येक फाइल सांगावी. न बदललेल्या फाइलीचे नाव अधिक आले तरी चालेल. परंतु एकही बदल सुटता कामा नये. हुक अपयशी ठरला तर गिट जुन्या मार्गाने सर्व फाइली तपासते. या करारातील विषमता महत्त्वाची आहे. निरीक्षक अधिक बोलला तर केवळ वेळ जातो; तो कमी बोलला तर सत्य जाते. म्हणजे या योजनेत निरीक्षकाच्या बोलण्याला जेवढे मोल आहे, त्याहून कितीतरी अधिक मोल त्याच्या मौनाला आहे. त्याने ज्या फाइलींची नावे घेतली त्या गिट स्वतः पाहणारच आहे. ज्यांची नावे घेतली नाहीत, त्यांच्याविषयी त्याचे मौन हाच एकमेव पुरावा होय.

भारतीय प्रमाणशास्त्रात या प्रश्नाचा ऊहापोह फार पूर्वी झालेला आहे. 'जमिनीवर घट नाही' हे ज्ञान कशाने होते? कुमारिलाच्या परंपरेतील मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानले नाही. परंतु केवळ 'दिसले नाही' एवढ्याने अभाव सिद्ध होत नाही, याविषयी या पक्षांत मतभेद नाही. अनुपलब्धि योग्य असली पाहिजे. म्हणजे, घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असे कोणी म्हणत नाही. फाइल-निरीक्षणाच्या चाचणीला नेमकी हीच कसोटी लावावी लागते. निरीक्षक बदल सांगतो की नाही हे पाहणे सोपे आहे. तो गप्प असताना दिवा लागलेला होता काय, हे दाखविणे अवघड आहे. गिटच्या चाचण्यांचे गुणदोष या एका कसोटीवर पुष्कळसे स्पष्ट होतात.

३

हुकच्या योजनेबरोबर आलेली मुख्य चाचणी-फाइल ७५१९ या क्रमांकाने ओळखली जाते. तीत खरा निरीक्षक नाही; बनावट हुक आहेत. एक हुक सर्वच फाइली संशयास्पद आहेत असे सांगतो. दुसरा काहीही सांगत नाही. आणखी काही हुक चाचणीच्या प्रसंगानुसार ठरावीक नावे सांगतात. साक्षीदार चाचणीकाराच्या मुठीत असल्याने गिट त्याचे बोलणे कसे ऐकते हे निर्भेळपणे तपासता येते. निरीक्षकाने सांगितलेल्या फाइलींचीच, आणि फक्त त्यांचीच, 'वैध' खूण पुसली जाते काय, अशी एक चाचणी तेथे आहे. तिच्यासाठी फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेला एक पर्याय जोडण्यात आला. त्यात निरीक्षकाच्या भरवशावर वैध ठरलेल्या फाइलीपुढे रोमन लिपीतील लहान अक्षर छापले जाते, एरवी मोठे. अंतर्गत विश्वास असा डोळ्यांना दिसेल अशा रूपात आणणे हा या चाचण्यांचा पहिला गुण होय. जी अवस्था पाहताच येत नाही, तिची परीक्षा होऊ शकत नाही.

परंतु या फाइलीतील सर्वांत विचारप्रवर्तक चाचणी वेगळीच आहे. निरीक्षकाने न सांगितलेले बदल 'स्टेटस'ला दिसत नाहीत, असे तिचे प्रतिपाद्य आहे. तीत प्रथम मौन पाळणारा हुक बसविला जातो. मग फाइली मुद्दाम बदलल्या जातात. आणि गिटने 'काही बदललेले नाही' असेच म्हणावे अशी अपेक्षा नोंदविली जाते.  प्रथमदर्शनी हा प्रकार चमत्कारिक वाटतो. प्रणालीने असत्य उत्तर दिले तर चाचणी उत्तीर्ण, सत्य दिले तर अनुत्तीर्ण!

या चाचणीमागील युक्तिवाद मात्र बिनतोड आहे. निरीक्षकाला विचारूनही गिटने गुपचूप सर्व फाइली पाहिल्या, तर बाकीच्या सर्व चाचण्या निर्विघ्नपणे पार पडतील. उत्तर नेहमी बरोबर येईल. केवळ ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला ते कारण नाहीसे होईल. गिट खरोखरच पाहत नाही हे सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तिला फसवून पाहणे. शिवाय हा हुक प्रत्येक वेळी एक खुणेची फाइल निर्माण करतो आणि चाचणी ती खूण आहे याची खात्री करून घेते. हुकला विचारलेच गेले नाही म्हणून मौन, आणि हुकला विचारले पण त्याने काही सांगितले नाही म्हणून मौन, यांतील भेद त्यामुळे स्पष्ट राहतो. योग्य अनुपलब्धीचा विचार येथे लहान प्रमाणात का होईना, झालेला आहे.

या चाचणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तिने गिटची आज्ञाधारकता सिद्ध होते. साक्षीदाराचा सच्चेपणा नव्हे. ऐकणारा नीट ऐकतो एवढेच कळते. सांगणारा खरे सांगतो काय, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

हीच मर्यादा वेगळ्या रूपाने आणखी एका सोयीत दिसते. एक परिवेश-चल ठरवून दिले असता गिटचा संपूर्ण चाचणीसंच निरीक्षकाच्या मार्गाने चालविता येतो, आणि चाचणीसंचाच्या माहितीपत्रात त्यासाठी 'सर्व संशयास्पद' म्हणणाऱ्या हुकचे उदाहरण दिले आहे. हजारो चाचण्या अशा रीतीने पार पडल्या की साहजिकच समाधान वाटते. परंतु जो साक्षीदार प्रत्येकाकडेच बोट दाखवितो, त्याच्याकडून वगळण्याचा अपराध घडूच शकत नाही. त्या हजारो यशांनी नळ जोडलेला आहे हे सिद्ध होते. पाणी पिण्याजोगे आहे हे नव्हे. चाचण्यांची संख्या आणि पुराव्याचे बळ या दोन गोष्टी किती भिन्न असू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांस क्वचितच मिळेल.

४

हुकच्या पहिल्या रूपात गिट निरीक्षकाला वेळ सांगत असे : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेले नॅनोसेकंद. येथे दोन घड्याळे एकमेकांशी जुळतात असे गृहीत धरले होते. गिटने प्रश्न विचारल्याची वेळ आणि निरीक्षकाने घटना टिपल्याची वेळ यांत तसूभर अंतर पडले, तर त्या फटीत झालेला बदल कोणाच्याच हिशेबात येत नाही. मार्च २०२० मधील २.२६ या आवृत्तीत हुकचे दुसरे रूप आले. त्यात वेळेऐवजी टोकन असते. निरीक्षक उत्तरासोबत स्वतःच्या हिशेबाची एक खूण देतो. गिट तिचा अर्थ लावण्याच्या भरीस न पडता ती जपून ठेवते आणि पुढच्या प्रश्नाबरोबर परत करते. 'अमुक वाजल्यापासून' याऐवजी 'तू मागे सांगितलेस त्यापुढे' असा प्रश्नाचा नवा घाट झाला.

समीक्षेच्या दृष्टीने ही सुधारणा कोठे झाली हे पाहण्यासारखे आहे. गिटच्या बाजूच्या चाचण्यांत साक्षीदार बनावट होता, आणि बनावट साक्षीदाराचे घड्याळ कधी चुकत नाही. वॉचमन हा स्वतंत्र प्रकल्प. त्याच्या चाचण्या त्याच्या घरच्या. दोन्ही घरांतील चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरी दोन्ही घरांमधला सांधा कोणाच्याच अंगणात येत नव्हता. आणि बदल करावा लागला तो नेमका त्या सांध्यात. दोन प्रणालींमधील कराराची परीक्षा दोघांच्या स्वतंत्र परीक्षांच्या बेरजेने होत नाही, हा यातील बोध होय.

५

२०२२ साली जेफ हॉस्टेटलर यांच्या दीर्घ परिश्रमांतून निरीक्षक गिटच्या घरातच आला. हा अंगभूत डीमन आरंभी विंडोज व मॅकओएस यांपुरता होता. कारण या प्रणाली आपापल्या परीने संपूर्ण डिरेक्टरी-वृक्षातील घडामोडींच्या सूचना देतात. साक्षीदार घरचा झाल्याने त्याची उलटतपासणी करण्याची जबाबदारीही घरचीच झाली. ७५२७ क्रमांकाच्या चाचणी-फाइलीत ती पार पाडण्याचा यत्न आहे, आणि तीत तीन थर स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिल्या थरात फाइल बदलणे, तिचे नाव बदलणे, ती पुसणे, डिरेक्टरी हलविणे अशी एकेक कृती करून, डीमनच्या रोजनाम्यात तिची नोंद उतरली काय हे पाहिले जाते. येथे 'स्टेटस' काय म्हणते हे तपासावयाचे नाही, असे तेथील टीपच सांगते. शिवाय फाइल बदलल्यावर डीमनला एक प्रश्न विचारला जातो, तो उत्तरासाठी नव्हे. रोजनामा डिस्कवर उतरण्यास थोडा अवधी मिळावा म्हणून. हेही टिपेत प्रांजळपणे नमूद आहे. या थराने एवढेच सिद्ध होते की डीमनच्या कानावर आवाज पडला. पायाभूत चाचणी म्हणून तिचे स्थान योग्य आहे. परंतु ती बोलण्याची चाचणी आहे, मौनाची नव्हे.

दुसरा थर विस्मरणाचा आहे. घडामोडी फार वेगाने होऊ लागल्या तर संगणकप्रणाली काही सूचना टाकून देते, आणि आपण काही टाकले असे कळविते. अशा वेळी डीमनने काय करावे? उत्तर असे की जुना हिशेब निकालात काढावा, नवे टोकन सुरू करावे, आणि जुने टोकन घेऊन येणाऱ्याला 'सर्व संशयास्पद' एवढेच सांगावे. हा प्रसंग हुकमी घडवून आणणे कठीण असल्याने चाचणीसाठी एक खास आज्ञा ठेवली आहे. तिने डीमनला सूचना हरवल्याचे सोंग घ्यावयास लावता येते. 'मला माहीत नाही' असे म्हणता येणे हा साक्षीदाराचा सर्वांत मोठा गुण असून त्याची स्वतंत्र परीक्षा येथे होते. बेअर रिपॉझिटरीत निरीक्षणच नाकारणे, किंवा दूरच्या संगणकावरून जोडलेल्या डिस्कवर ते सहसा न करणे, हीदेखील याच प्रांजळपणाची रूपे होत. जेथे दिवा लावता येत नाही, तेथे घट नसल्याचा निर्वाळा देऊ नये.

याच विचाराचे सर्वांत सुंदर रूप चाचणी-फाइलीत नसून डीमनच्या रचनेत आहे. प्रश्न येताच डीमन स्वतःच एक लहानशी कुकी फाइल निर्माण करतो आणि तिची सूचना स्वतःपर्यंत येईतो उत्तर देत नाही. ती सूचना आली, म्हणजे प्रश्नापूर्वी घडलेल्या गोष्टींच्या सूचनाही त्याच ओळीत पुढे असल्याने येऊन गेल्या असे मानता येते. घट नाही असे म्हणण्यापूर्वी आपल्या हाताने एक घट ठेवून तो दिसतो काय हे पाहावे, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक उत्तराआधी दिवा पेटलेला असल्याची खात्री करून घेणारी ही योजना म्हणजे कामकाजातच विणलेली चाचणी होय. अर्थात् तिचे बळ कुकीची सूचना आणि फाइलींच्या सूचना एकाच प्रवाहातून क्रमाने येतात या गृहीतावर अवलंबून आहे, हे विसरून चालणार नाही.

६

तिसरा थर तुलनेचा आहे, आणि सर्व चाचण्यांत तोच निर्णायक मानावा लागेल. फाइली बदलणे, निर्माण करणे, पुसणे, फाइलच्या जागी डिरेक्टरी आणणे, डिरेक्टरी वर-खाली हलविणे अशा कृतींची एक मालिका घेतली जाते. निरीक्षक बंद ठेवून आणि नोंदबाह्य फाइलींचा साठा बंद ठेवून 'स्टेटस' जे म्हणते ते प्रमाण म्हणून जपले जाते. मग इतर जुळण्यांत तीच कृती करून आलेले उत्तर त्याच्याशी अक्षरशः ताडले जाते. येथे डीमन काय टिपतो, टोकन कसे असते, खुणा कशा पुसल्या जातात, याची चौकशीच नाही. प्रत्यक्ष आणि शब्द यांचे उत्तर एक आहे काय, एवढाच प्रश्न आहे. मौन खोटे असेल तर ते येथे उघडे पडते. कारण एकही बदल सुटला तर दोन उत्तरे भिन्न होतात. करारातील मर्म या चाचणीने अचूक पकडले आहे.

असे असूनही या तक्त्यातील एक घर रिकामे आहे. नोंदबाह्य फाइलींचा साठा चालू व निरीक्षक बंद, ही जुळणी वगळलेली आहे. त्या साठ्यातच कधीमधी प्रकट होणारा दोष असावा. विंडोज व मॅकओएस यांवर क्वचित, परंतु निश्चितपणे, चाचण्या फसतात, अशी कबुली टिपेत दिलेली आहे. दोष झाकून न ठेवता लिहून ठेवला, याबद्दल लेखकाचे कौतुकच केले पाहिजे. निरीक्षकाची परीक्षा घेताना शेजारच्या जुन्या साठ्याचा दोष मध्ये येऊ नये, हा हेतूही समजण्यासारखा आहे. तरीपण वगळलेली चाचणी ही आपल्यापुरते एक मौनच असते. टीप वाचणाऱ्याला तिचा अर्थ कळतो. उत्तीर्ण चाचण्यांची केवळ संख्या पाहणाऱ्याला कळत नाही.

याहून गंभीर उणीव २०२४ साली निदर्शनास आली. विंडोज व मॅकओएस यांच्या नेहमीच्या फाइल-प्रणाली रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांत भेद करीत नाहीत. दोन्ही नावे एकाच फाइलीची समजली जातात. इंडेक्समध्ये डिरेक्टरीचे नाव एका प्रकारे आणि डिस्कवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असेल, तर घटनेची सूचना डिस्कवरील वळणाने येते. गिट ते नाव इंडेक्समध्ये जसेच्या तसे शोधते. ते सापडत नाही. म्हणून कोणाचीच खूण पुसली जात नाही. निरीक्षकाने सत्य सांगितले, गिटने ते ऐकले, आणि तरीही बदल हरवला. २०२४ च्या २.४५ या आवृत्तीत हा दोष दूर झाला व त्यासाठी चाचण्याही जोडण्यात आल्या. देवनागरीच्या वाचकाला हा घोळ परका वाटेल, कारण या लिपीत मोठे अक्षर व लहान अक्षर असा भेदच नाही. परंतु एकाच वस्तूची दोन नावे आणि दोन वस्तूंचे एक नाव हा गोंधळ कोणत्याही नोंदवहीला परका नाही.

तुलनेचा तक्ता एवढा समर्थ असून त्याला हा दोष का सापडला नाही? याचे कारण तुलनेच्या पद्धतीत नसून प्रसंगांच्या निवडीत आहे. तक्त्यातील फाइलींना नावे देणारा हात आणि त्या फाइली बदलणारा हात एकच होता. त्याने डिरेक्टरीचे नाव दोन्ही वेळा सारखेच लिहिले. घटना कितीही प्रकारच्या असल्या तरी नावे मात्र आदर्श होती. न्याय चोख होता. पण त्याच्यासमोर खटलाच आला नाही.

७

या चाचणीसंचाची गणना एकंदरीत उत्तम परीक्षाकार्यात करावी लागेल. ऐकणाऱ्याची, सांगणाऱ्याची आणि दोघांच्या एकवाक्यतेची परीक्षा वेगवेगळी घेतली पाहिजे हे त्यात ओळखले आहे. विस्मरणाची परीक्षा त्यात आहे, आणि उणिवा टिपांत नोंदविल्या आहेत. आक्षेप आहे तो या तीन परीक्षांच्या प्रमाणाविषयी. निरीक्षक बोलतो काय, हे विचारणाऱ्या चाचण्या लिहिण्यास सोप्या म्हणून त्या विपुल असतात. त्याचे मौन विश्वासार्ह आहे काय, हे विचारणारी तुलनेची चाचणी मात्र हाताने निवडलेल्या मोजक्या प्रसंगांवर थांबते. तुलनेचे प्रमाण हाताशी असताना प्रसंगांची निवड यदृच्छेवर सोपविण्यास फारशी अडचण नाही : नावे, लिपी, क्रम व वेग यांची यांत्रिक रीतीने सरमिसळ करावी, प्रत्येक पायरीनंतर दोन्ही उत्तरे ताडावीत, आणि भेद दिसताच तो प्रसंग कायमचा टिपून ठेवावा. तसे केल्याने चाचणीकाराच्या स्वतःच्या सवयी परीक्षेच्या मर्यादा ठरणार नाहीत.

अशा परीक्षेलाही किंमत पडेल. ती सावकाश चालेल. आणि अधूनमधून फसणाऱ्या चाचण्या तिच्यातून निघतील. मौनाच्या बाबतीत मात्र अधूनमधून फसणारी चाचणी म्हणजे उपद्रव समजून टाकून देण्याची वस्तू नव्हे. जो दोष दहा हजारांत एकदा प्रकट होतो, तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो पूर्णपणे येतो, आणि तोही 'काहीही बदललेले नाही' या शब्दांच्या आडून. त्या मनुष्याजवळ संशय घेण्यास काहीच कारण नसते. ते कारण शोधण्याचे काम त्याच्या वतीने आधीच कोणीतरी करून ठेवावयाचे असते. फाइल-निरीक्षणाची चाचणी लिहिणाऱ्याचे कर्तव्य ते हेच.